एक खूण, बत्तीस नांवें

शाळेचा शिपाई हातांत नोटिसांचें बुक घेऊन वर्गाच्या दारांत उभा राहिला म्हणजे साऱ्या वर्गाचें लक्ष फळ्यावरून उडून त्याजकडे लागतें, हा अनुभव आमच्या विद्यार्थीमित्रांपैकीं कोणास नाहीं? ती नोटीस कधीं एकाच विद्यार्थ्यापुरती असते. अमक्यानें मधल्या सुटींत कचेरींत यावें, एवढाच तिचा मजकूर. कधीं ती साऱ्या शाळेसाठीं असते; उद्यां शाळेस सुटी आहे हें कळल्यावर होणारा आनंद सर्वांनीं सारखाच वांटून घ्यावयाचा असतो. परंतु पुष्कळ वेळां ती एका मंडळापुरती असते. क्रिकेटच्या संघांतील मुलांनीं चार वाजतां मैदानावर जमावें, असें तींत लिहिलेलें असतें. आणि तीं मुलें तर निरनिराळ्या वर्गांत विखुरलेलीं असतात.

या तिसऱ्या प्रकारांत शिपायापुढें खरी अडचण उभी राहते. प्रत्येक मुलास निराळी चिठ्ठी न्यावी, तर एकच मजकूर पंधरा वेळां लिहावा लागणार. सर्व वर्गांतून मोठ्यानें वाचून दाखवावी, तर ज्यांचा त्या नोटिशीशीं कांहींएक संबंध नाहीं अशा शेंकडों मुलांच्या अभ्यासांत व्यत्यय येणार. एकदांच सांगावें, आणि ज्यांनीं ऐकावयाचें त्यांनींच तें ऐकावें, अशी कांहीं युक्ति आहे काय?

संगणकांच्या जाळ्यांत हाच प्रश्न प्रत्यहीं उत्पन्न होतो, व तेथें त्याचें उत्तर एका चतुर युक्तीनें दिलेलें आहे. एका संगणकानें एका समूहास उद्देशून संदेश पाठविणें यास मल्टिकास्ट असें म्हणतात. या लेखांत त्या युक्तीचा एकच भाग आम्ही वाचकांस समजावून सांगणार आहों, तो असा: समूहाचें जें मोठें नांव आहे, त्यापासून तारेवर चालणारी लहान खूण कशी तयार होते, आणि तसें करतांना काय गमवावें लागतें. विषय नांवानें रुक्ष दिसतो. परंतु ज्यास बेरीज, वजाबाकी व थोडा धीर या तीन गोष्टी साध्य आहेत त्यास तो कठीण जाणार नाहीं, अशी आमची खात्री आहे.

दोन पत्ते कां लागतात?

जाळ्यास जोडलेल्या संगणकास साधारणपणें दोन पत्ते असतात. पहिला पत्ता त्याच्या नेटवर्क कार्डाचा. हें कार्ड म्हणजे ज्या भागांत तार खोंवली जाते तो भाग. त्याचा पत्ता कारखान्यांतच त्याजवर नोंदलेला असतो, म्हणून त्यास हार्डवेअर पत्ता म्हणतात. दुसरा तो आय. पी. पत्ता. हा कारखान्यांतून येत नाहीं. संगणक ज्या जाळ्यांत असेल त्या जाळ्याच्या व्यवस्थेप्रमाणें तो त्यास मिळतो. मनुष्याचें नांव जन्मभर तेंच राहतें, परंतु बिऱ्हाड बदललें म्हणजे टपालाचा पत्ता बदलतो, तसाच कांहींसा हा प्रकार समजावा.

ज्या पद्धतीनें एका घरांतील, शाळेंतील किंवा कचेरींतील संगणक तारेनें जोडले जातात तिला इथरनेट म्हणतात. तिची पहिली कल्पना रॉबर्ट मेटकाफ यांनीं अमेरिकेंतील झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधनशाळेंत १९७३ सालीं लिहून काढली, व डेव्हिड बॉग्ज यांच्या साह्यानें ती प्रत्यक्षांत आणली. त्या प्रयोगावस्थेंतील इथरनेटमध्यें पत्ता अवघ्या ८ बिटांचा होता. बिट म्हणजे शून्य किंवा एक यांपैकीं एक अंक. आठ बिटांतून २५६ निरनिराळे पत्ते होतात. एका संशोधनशाळेस तेवढे पुरेसे होते, पण जगास ते कसे पुरणार? म्हणून १९८० सालीं इथरनेटचें जें स्वरूप तीन कंपन्यांनीं मिळून प्रसिद्ध केलें, त्यांत पत्ता ४८ बिटांचा करण्यांत आला. त्यांतून होणाऱ्या पत्त्यांची संख्या २८१ लक्ष कोटींहून अधिक भरते. एवढा मोठा पत्ता कां घ्यावा याचें विवेचन १९८१ सालीं योगेन दलाल व रॉबर्ट प्रिंटिस यांनीं एका निबंधांत केलें. यांपैकीं दलाल यांचें अभियांत्रिकीचें शिक्षण मुंबईस पवई येथील आय. आय. टी. मध्यें झालेलें आहे, हें आमच्या विद्यार्थ्यांस ऐकून संतोष वाटेल.

हे ४८ बिट दोन भागांत विभागलेले असतात. पहिले २४ बिट आय-ट्रिपल-ई ही संस्था कार्डें करणाऱ्या कारखानदारास द्रव्य घेऊन नेमून देते. उरलेले २४ बिट तो कारखानदार आपल्या प्रत्येक कार्डास अनुक्रमानें देतो. अशा रीतीनें एका नेमणुकींत १,६७,७७,२१६ पत्ते येतात. पहिल्या भागास आपण आडनांव म्हणूं व दुसऱ्यास नांव म्हणूं. म्हणजे पुढील विवेचन समजण्यास सुलभ जाईल.

आय. पी. पत्ता मात्र, ज्या जुन्या आवृत्तीचा आम्ही येथें विचार करीत आहों तींत, ३२ बिटांचा असतो. तो चार संख्यांनीं लिहितात. प्रत्येक संख्या आठ बिटांची, म्हणून शून्यापासून २५५ पर्यंतची असते, जसें, १९२.१६८.१.७.

एकाचा पत्ता विचारतां येतो, समूहाचा नाहीं

आतां असें समजा कीं, एका संगणकास आपल्याच जाळ्यांतील दुसऱ्यास संदेश पाठवावयाचा आहे. त्याचा आय. पी. पत्ता ठाऊक आहे. परंतु तारेवर संदेश सोडावयाचा तर त्याजवर हार्डवेअर पत्ता पाहिजे. तो कोठून आणावा? याची रीत १९८२ सालीं ठरली व ती अगदीं सरळ आहे. संगणक सर्वांस ओरडून विचारतो, “१९२.१६८.१.७ हा पत्ता कोणाचा आहे?” ज्याचा असेल तो आपला हार्डवेअर पत्ता कळवितो. वर्गांत नव्यानें आलेल्या गुरुजींनीं हजेरीच्या वेळीं नांव पुकारावें व त्या मुलानें “हजर” म्हणून उभें राहावें, तसेंच हें आहे.

परंतु पुकारलेलें नांव जर एका मुलाचें नसून “क्रिकेटचा संघ” असें असेल तर? उभें कोणीं राहावें? सर्वच उभे राहिले तर पंधरा निरनिराळे पत्ते मिळतील. कोणीच उभा राहिला नाहीं तर एकहि मिळणार नाहीं. शिवाय समूहांत नवीन माणसें येत असतात, जुनीं जात असतात; आज मिळालेलें उत्तर उद्यां खरें राहीलच असें नाहीं. यास्तव समूहाच्या बाबतींत विचारण्याची रीत निरुपयोगी ठरते. येथें उत्तर असें असलें पाहिजे कीं जें कोणासहि न विचारतां, केवळ गणितानें, पाठविणारास व घेणारास आपापल्या ठिकाणीं सारखेंच काढतां येईल. हें सूत्र वाचकांनीं पक्कें ध्यानांत ठेवावें. पुढील सर्व गोष्ट त्याजवर उभारलेली आहे.

या तिसऱ्या प्रकारच्या संदेशाचें महत्त्व केवळ श्रम वांचविण्यापुरतें नाहीं. त्यांत न्यायाचाहि प्रश्न येतो. मुंबईच्या नॅशनल स्टॉक एक्स्चेंज या शेअरबाजारांत एके काळीं भावांचा अत्यंत बारीक तपशील दलालांच्या यंत्रांकडे निरनिराळा व एकामागून एक असा पाठविला जात असे. अशा व्यवस्थेंत रांगेंत पुढें असणारास बातमी क्षणाच्या अल्पशा अंशानें कां होईना, पण आधीं मिळते. आणि जेथें यंत्रें क्षणाच्या अंशांत खरेदीविक्री करतात तेथें तेवढा अंशहि थोडा नव्हे. याविषयीं मोठा वाद झाला, सेबी या नियामक मंडळानें २०१९ सालीं त्यावर निर्णय दिला, व पुढें त्यावर अपिलेंहि झालीं. त्या बाजारानें २०१४ च्या सुमारासच मल्टिकास्टची रीत स्वीकारली होती. एकच संदेश समूहाच्या नांवानें एकदांच निघाला म्हणजे पाठविणाराच्या दारांत पहिला कोण व शेवटचा कोण, हा प्रश्नच फारसा उरत नाहीं.

नांवापासून खूण

आय. पी. च्या जगांत समूहासंदेशाची पद्धत स्टीव्ह डीअरिंग यांनीं स्टॅनफर्ड विद्यापीठांत विद्यार्थी असतांना घडविली. तिचे नियम १९८९ सालच्या ऑगस्ट महिन्यांत एका जाहीर टिपणाच्या रूपानें प्रसिद्ध झाले, व ते आजहि आधारभूत मानले जातात. त्यांत समूहांसाठीं २२४.०.०.० पासून २३९.२५५.२५५.२५५ पर्यंतचे पत्ते राखून ठेवलेले आहेत. हे पत्ते शून्य व एक यांनीं मांडून पाहिले तर प्रत्येकाचे पहिले चार बिट १११० असेच निघतात. म्हणजे ते चार बिट सर्वांस समान; एका समूहास दुसऱ्यापासून निराळें ओळखावयाचें तें उरलेल्या २८ बिटांवरून. अशा समूहांची संख्या २६,८४,३५,४५६ होते.

आतां इथरनेटच्या बाजूकडे वळूं. हार्डवेअर पत्त्याच्या पहिल्या आठ बिटांपैकीं अगदीं उजवीकडचा बिट एक असेल तर तो पत्ता एका कार्डाचा नसून समूहाचा आहे, असा संकेत आहे. आणि इथरनेटच्या तारेवर प्रत्येक आठ बिटांतील उजवीकडचा बिट आधीं निघतो. त्यामुळें पत्त्याचा पहिलाच बिट येतांक्षणीं कार्डास समजतें कीं, हा संदेश एकट्याचा आहे कीं मंडळाचा.

समूहसंदेशांसाठीं जें आडनांव घेण्यांत आलें तें ००-००-५ई असें आहे. ही लिहिण्याची पद्धति सोळांच्या पटीची आहे. तींत दहा ते पंधरा या संख्यांसाठीं ए, बी, सी, डी, ई, एफ हीं अक्षरें वापरतात, व आठ बिट दोन चिन्हांत मावतात. समूहाचा बिट एक केला म्हणजे हेंच आडनांव ०१-००-५ई असें होतें. या आडनांवाखालीं २४ बिटांची जागा आहे. त्यांपैकीं पहिला बिट शून्य ठेवला, म्हणजे अर्धी जागा इतर कामांसाठीं राहिली, व उरले २३ बिट. या २३ बिटांत समूहाच्या आय. पी. पत्त्याचे शेवटचे २३ बिट जसेच्या तसे उतरून घ्यावयाचे. सर्व नियम एवढाच आहे.

एक उदाहरण प्रत्यक्ष करून पाहूं. समूहाचा पत्ता २३९.१९५.१०.२५ असा घ्या. त्याच्या चार संख्या शून्य व एक यांनीं मांडल्या म्हणजे अशा दिसतात:

२३९ म्हणजे १११०११११
१९५ म्हणजे ११००००११
१० म्हणजे ००००१०१०
२५ म्हणजे ०००११००१

पहिले चार बिट १११० हे सर्व समूहांस समान, म्हणून ते सोडले. शेवटचे २३ बिट मोजीत उजवीकडून डावीकडे आलों म्हणजे चवथी संख्या पूर्ण, तिसरी संख्या पूर्ण, आणि दुसऱ्या संख्येचे सात बिट एवढे घेतले जातात. दुसऱ्या संख्येचा अगदीं डावीकडचा बिट बाहेर राहतो. त्याची किंमत १२८. म्हणून १९५ मधून १२८ वजा केले म्हणजे ६७ उरतात. ६७ सोळांच्या पटींत ४३ असे लिहितात, कारण चार गुणिले सोळा अधिक तीन म्हणजे सदुसष्ट. १० चे ०ए व २५ चे १९ होतात. म्हणून खूण झाली ०१-००-५ई-४३-०ए-१९.

पाठांतरास सोपें जावें म्हणून हाच नियम असा सांगतां येईल: पहिली संख्या विसरा, दुसरी १२८ किंवा अधिक असेल तर तींतून १२८ वजा करा, तिसरी व चवथी तशाच ठेवा, आणि त्या तिन्ही सोळांच्या पटींत लिहून त्यांच्यामागें ०१-००-५ई जोडा. कोणास विचारावयास नको, कोणाच्या उत्तराची वाट पाहावयास नको. पाठविणारा मुंबईस हें गणित करो कीं घेणारा नागपुरास करो, दोघांचें उत्तर एकच येतें. आपापल्या इथरनेटवर दोघेहि तीच खूण ओळखतात.

पांच बिटांची किंमत

परंतु चाणाक्ष विद्यार्थ्याच्या मनांत आतांपर्यंत एक शंका आलीच असेल. समूहाचें नांव २८ बिटांचें. खुणेंत जागा २३ बिटांची. मग राहिलेल्या पांच बिटांचें काय झालें? ते टाकून दिले, हेंच त्याचें उत्तर. पांच बिटांतून बत्तीस निरनिराळ्या रचना होतात. म्हणून बत्तीस निरनिराळ्या समूहांच्या वांट्यास एकच खूण येते. वरच्या उदाहरणांत पहिली संख्या २२४ पासून २३९ पर्यंत कोणतीहि असो, तशा सोळा झाल्या; दुसरी संख्या ६७ किंवा १९५ असो, तशा दोन झाल्या; सोळा दुणे बत्तीस. म्हणजे २२४.६७.१०.२५ या समूहाची खूणहि ०१-००-५ई-४३-०ए-१९ हीच होय.

हें असें कां केलें? चोवीस बिटांची एक नेमणूक २८ बिटांस पुरत नाहीं. चार बिट कमी पडतात, आणि चार बिटांच्या रचना सोळा. म्हणून एकापुढें एक अशीं सोळा आडनांवें मिळालीं असतीं तर एकहि बिट टाकावा लागला नसता. या विद्येच्या पुस्तकांतून एक गोष्ट सांगितली जाते ती अशी कीं, डीअरिंग यांची इच्छा सोळा आडनांवें घेण्याचीच होती. परंतु त्या वेळीं एकेका आडनांवास एक हजार डॉलर पडत, आणि सोळा हजार डॉलरांची रक्कम या कामासाठीं उभी राहिली नाहीं. तेव्हां इंटरनेटच्या क्रमांकांची व्यवस्था पाहणारे जॉन पोस्टेल यांनीं एकच आडनांव घेतलें, आणि त्यांतीलहि अर्धीच जागा डीअरिंग यांच्या कामास दिली. ज्या पद्धतीवर पुढें साऱ्या जगाचा व्यवहार चालावयाचा तिच्या मापाचा निर्णय असा थैलीच्या तोंडाशीं झाला, असें ती गोष्ट सांगते.

या काटकसरीचा परिणाम काय होतो हें समजण्यास वसतिगृहांतील परिटाकडे पाहावें. समजा, प्रत्येक मुलाच्या कपड्यावर त्याचा पुरता क्रमांक शिवलेला आहे. पण परीट मात्र आपल्या सोयीसाठीं बोचक्यावर शेवटचे दोनच आंकडे घालतो. १४७ क्रमांकाचा मुलगा व ३४७ क्रमांकाचा मुलगा या दोघांचीं बोचकीं मग “४७” या एकाच खुणेनें येतात. शनिवारीं “४७” अशी हांक पडली कीं दोघेहि धांवतात. यांत परिटाची कांहीं चूक झाली काय? नाहीं, त्याची खूण त्याच्या कामापुरती ठीक आहे. परंतु बोचकें सोडून, कपड्यावरील पुरता क्रमांक वाचून, मगच सदरा अंगांत घालणें हें मुलाचें काम आहे. जो मुलगा तो क्रमांक वाचीत नाहीं तो दुसऱ्याचा सदरा घालून प्रार्थनेस उभा राहतो.

संगणकांतहि हाच प्रकार घडतो. नेटवर्क कार्ड परिटासारखें आहे. तें केवळ खूण पाहतें, आणि आपल्या मालकास हव्या असलेल्या समूहाची ती खूण असली कीं संदेश आंत घेतें. पुढें संगणकांतील आय. पी. चा कारभार पाहणारा भाग संदेशाच्या आंत लिहिलेला पुरता ३२ बिटांचा पत्ता वाचतो. तो आपल्या समूहाचा नसेल तर संदेश मुकाट्यानें टाकून देतो. म्हणून दोन समूहांची खूण एक झाली तरी एकाची गोष्ट दुसऱ्याच्या कानीं जात नाहीं. चुकीचा संदेश वाचला जात नाहीं. मात्र तो उचलून, उघडून, टाकून देण्याचे श्रम पडतात.

हे श्रम थोडे असले तर कोणी लक्ष देत नाहीं. परंतु ज्या समूहाशीं आपणांस कर्तव्य नाहीं त्याचा संदेश चलच्चित्राएवढा मोठा व अखंड वाहणारा असेल, तर आपल्या संगणकाचा बराच वेळ दुसऱ्यांचीं बोचकीं सोडण्यांतच जातो. शिवाय तारा जेथें एकत्र येतात त्या स्विच नांवाच्या यंत्रांचाहि प्रश्न आहे. कोणत्या तारेपलीकडे कोणत्या समूहाचे सभासद आहेत याची नोंद ठेवून, चांगला स्विच समूहसंदेश तेवढ्याच तारांवर सोडतो. पण ही नोंद पुष्कळ स्विच आय. पी. पत्त्यावरून न ठेवतां खुणेवरून ठेवतात. मग बत्तीस समूह त्यांस एकच भासतात, व एकाचा लोंढा दुसऱ्याच्या दारांतहि शिरतो.

याहून एक अधिक नाजूक जागा आहे. २२४.०.०.० पासून २२४.०.०.२५५ पर्यंतचे समूह जाळ्याच्या स्वतःच्या कारभारासाठीं राखलेले आहेत. २२४.०.०.१ म्हणजे त्या जाळ्यांतील मल्टिकास्ट जाणणारे सर्व संगणक, २२४.०.०.२ म्हणजे सर्व राउटर, आणि २२४.०.०.५ वर राउटर एकमेकांस रस्त्यांची बातमी देतात. हे संदेश स्विचानें न गाळतां सर्व तारांवर सोडावेत अशी रीत आहे, कारण ते अडले तर जाळ्याचा कारभारच थांबेल. आतां कोणी आपल्या चलच्चित्रासाठीं २३९.१२८.०.५ हा समूह निवडला असें समजा. वरील नियम लावून पाहा: १२८ मधून १२८ गेले, शून्य उरलें, खूण झाली ०१-००-५ई-००-००-०५, म्हणजे अगदीं राउटरांच्या समूहाचीच. खुणेवर चालणारा स्विच तें चलच्चित्र राजआज्ञा समजून प्रत्येक तारेवर सोडूं लागतो, आणि राउटरांसहि तें उचलून टाकीत बसावें लागतें. निवडणाराचा हेतु निर्दोष होता; त्यानें केवळ ती वजाबाकी करून पाहिली नाहीं. म्हणूनच जाणते लोक दुसरी संख्या शून्य किंवा १२८ व तिसरी संख्या शून्य असलेले समूह टाळतात, आणि एका जाळ्यांत अनेक समूह ठेवावयाचे झाल्यास त्यांच्या खुणा आधीं कागदावर काढून, दोन सारख्या नाहींत ना, हें पाहून घेतात.

विद्यार्थ्यांनीं हें स्वतः करून पाहावें. २२५.१.२.३ आणि २३८.१२९.२.३ या दोन समूहांची खूण एक आहे कीं दोन? पेन्सिल घेऊन बसल्यास दोन मिनिटांत उत्तर मिळेल: दोहोंची खूण ०१-००-५ई-०१-०२-०३ हीच आहे. आणि २२४.१.२.३ व २२४.१.२.४ यांची? दिसावयास अगदीं सख्ख्या भावांसारखे, तरी त्यांच्या खुणा भिन्न आहेत. कारण फरक शेवटच्या २३ बिटांत आहे. दिसण्यांत दूर असलेले येथें एक होतात, आणि जवळचे वेगळे राहतात.

पुढच्या पिढीनें काय केलें?

आय. पी. ची नवी आवृत्ति, जिला सहावी म्हणतात, तींत पत्ता १२८ बिटांचा आहे. एवढा मोठा पत्ता ४८ बिटांत मावणें शक्यच नव्हतें; म्हणून तेथेंहि शेवटचा भागच उतरून घेण्याची युक्ति ठेवली आहे. परंतु या वेळीं २३ च्या ऐवजीं शेवटचे ३२ बिट घेतले, आणि त्यांच्यामागें ३३-३३ अशी खूण लावली. बिट पुष्कळ टाकले जातात हें खरें. तथापि समूहांचे क्रमांक शेवटच्या ३२ बिटांतच निरनिराळे पडतील अशा बेतानें नेमावेत, अशी शिफारस आहे. जागा कमी आहे हें आधींच ओळखून नांव ठेवणाराने शहाणपणा दाखवावा, असा हा मार्ग होय. ३३-३३ या आंकड्यांविषयीं एक मौजेची नोंद त्या विषयाच्या जाहीर टिपणांत आढळते. पालो आल्टो येथील ज्या संशोधनशाळेंत इथरनेटचा जन्म झाला तिच्या घराचा क्रमांक ३३३३ असा होता.

उपसंहार

आमच्या पालकवर्गापैकीं कोणी म्हणतील कीं, या सर्व आंकडेमोडीचा आमच्या मुलास काय उपयोग? त्यास आमचें उत्तर असें आहे. मोठ्या वस्तूस लहान जागेंत बसवावयाचें असलें म्हणजे कांहींतरी गाळावेंच लागतें. नकाशांत गांवाच्या गल्ल्या गळतात, प्रगतिपुस्तकांत मुलाचें वर्षभराचें जीवन दहा आंकड्यांत येतें, आणि नोटिशींत मनुष्याचा केवळ क्रमांक राहतो. गाळणें हा दोष नव्हे. दोष तेव्हां होतो कीं, जेव्हां गाळलें आहे हेंच आपण विसरतों, आणि खुणेसच मनुष्य समजून बसतों.

डीअरिंग यांच्या १९८९ च्या टिपणांत हा नियम सांगितल्यावर लगेच पुढच्याच वाक्यांत मोकळेपणानें कबूल केलें आहे कीं, २८ बिट २३ मध्यें बसविल्यामुळें एकाहून अधिक समूहांस एकच खूण येऊं शकेल. आपल्या कामांतील उणीव कामाच्या शेजारींच लिहून ठेवणें हें आमच्या मतें त्या नियमापेक्षांहि अधिक शिकण्यासारखें आहे. ती उणीव लिहिलेली होती म्हणूनच पुढच्यांनीं आंतला पुरता पत्ता वाचण्याची दक्षता घेतली, आणि पद्धत गेलीं पस्तीसाहून अधिक वर्षें जगभर चालत आली.

म्हणून, विद्यार्थीमित्रांनो, यापुढें कोणी तुम्हांस एखादी खूण दाखवून “हा तोच” असें सांगेल, तेव्हां बोचकें सोडून कपड्यावरील पुरता क्रमांक एकदां वाचून पाहा. तो आपला असेल तर घ्या. नसेल तर शांतपणें बाजूस ठेवा, आणि ज्याचा असेल त्यास मिळूं द्या.